पाडसाची हाक

तुकईथडच्या वरच्या रानात उन्हं कलली होती. हरणाच्या आशेनं कडू आणि त्याचा मेहुणा गजानन घाणेरीच्या झुडपाआड दबा धरून बसले होते. बंदूक गजाननकडे होती. कडूचं काम एकच, ओठांत पान धरून पाडसासारखं ओरडायचं, म्हणजे आई धावत येते. त्याचा पुढचा दात पडलेला, म्हणून प्रत्येक हाकेच्या शेवटी एक बारीक शीळ निघायची.

समोरचं गवत हललं. हरीण नव्हतं. बिबट्या होता.

कडूच्या ओठांतलं पान गळून पडलं. बिबट्या दोन ढांगांवर येऊन थबकला. पण त्याची नजर कडूवर नव्हतीच. ती कडूच्या खांद्यावरून मागे लागली होती. त्याचे कान मागे पडले. पोट जमिनीला घासत तो मागच्या मागे सरकला आणि एकदम वळून पळत सुटला.

कडूनं रोखलेला श्वास सोडला.

"बस करा ना, दाजी," गवतावरची नजर न काढता गजानन कुजबुजला. "गेला ना तो. अजून कायले वाजवता?"

कडूनं खाली पाहिलं. पान पायाशीच पडलं होतं.

आणि त्याच्या मानेमागे पाडस पुन्हा ओरडलं. शेवटी तीच बारीक शीळ.