पाडव्याचा मोबाईल

पाडव्याच्या ओवाळणीत नवऱ्यानं ताटात ठेवलेला मोबाईल आपलं सगळं बोलणं चोरून टिपत होता, हे राजश्रीला घटस्फोटाच्या कागदांतून कळलं. आता लेकीचा ताबा त्या रेकॉर्डिंगवर अडला होता. "आवाज माझा नाही, एवढंच म्हणायचं. नाहीतर पोर हातची गेली," वकीलबाईंनी बजावलं होतं. सोलापूरच्या कौटुंबिक न्यायालयात नवऱ्याच्या वकिलानं रेकॉर्डिंग लावलं. त्यातून रडवेला आवाज आला, "आय, लेकीला घिऊन हिरीत उडी टाकावी वाटतीया." "आवाज तुमचा?" न्यायाधीशांनी विचारलं. पदर मुठीत आवळून राजश्री म्हणाली, "न्हाय, साहेब." रेकॉर्डिंग चालूच राहिलं. वर्षापूर्वी वारलेली तिची आई त्यातून मोहोळला माहेरच्या घरात बसल्यागत बोलली, "असं वंगाळ बोलू नगं, राजे. सकाळधरनं काय खाल्लंस का न्हाय?" राजश्रीची मूठ सुटली. स्पीकरकडं वाकून, सगळ्यांदेखत, रेकॉर्डिंगमधल्याच रडवेल्या आवाजात तिनं उत्तर दिलं, "न्हाय गं आय, अजून न्हाय."