उतारावरचं गवत

"आधी ती ओढणी काढून ठेव," दत्ताराम म्हणाला. "केस वर बांध. लोंबणारं काही नको."

सलोनीने ओढणी पॅव्हेलियनच्या पायरीवर ठेवली आणि मशीनवर चढून बसली. माटुंग्याच्या या जिमखान्यात ती झाडलोट करायची. गवत कापायचं मशीन तिचा नवरा दत्ताराम चालवायचा. छोट्या ट्रॅक्टरसारखं, वर बसून चालवायचं, पोटाखाली पातं. जानेवारीत ते उतारावर घसरून त्याच्या अंगावर उलटलं आणि त्याचा डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. आता तो कुबड्या काखेत धरून तिच्या बाजूला उभा होता.

"ब्रेकवर पाय. मग चावी. पातं एकदम शेवटी सुरू करायचं. खाली उतरायचं झालं तर पातं बंद, इंजिन बंद, चावी खिशात. गवत अडकलं तर काठीने काढायचं, हात घालायचा नाही. पातं थांबलंय असं वाटलं तरी नाही."

"माहीत आहे. रात्रभर तेच सांगताय."

"माहीत असलं तरी ऐक गो."

जिमखान्याचे सेक्रेटरी यशोधन सर खुर्ची टाकून चहा पीत बघत होते. माणूस वाईट नव्हता. दत्ताराम हॉस्पिटलात होता तेव्हा फळं घेऊन यायचे. नोकरी त्याच्या घरातच राहावी म्हणून कमिटीत तेच भांडले होते. सलोनीला मशीन जमलं, तर पॅव्हेलियनमागची खोलीही राहणार होती. नाही जमलं तर सामान बांधायचं होतं.

मशीन सुरू झालं, एक धक्का देऊन पुढे गेलं. पहिली फेरी वाकडी झाली, दुसरी सरळ. दत्ताराम कडेकडेने कुबड्या टाकत, "हळू, हळू" म्हणून ओरडत होता. तिने कानांवर आवाज बंद करणारे मफ घातलेत हे नंतर त्याच्या लक्षात आलं. मग तो नुसता हात हलवत राहिला.

सपाट भाग झाला. सरांनी टाळ्या वाजवल्या. तिने मशीन थांबवलं, इंजिन बंद केलं आणि मफ गळ्यात ओढले.

"छान! आता तेवढा उतारही घ्या. रविवारी पाहुणे तिथेच बसणार आहेत."

पॅव्हेलियनसमोरच्या उतारावर माळ्याने सकाळी पाणी मारलं होतं. दत्तारामने वाकून गवताला तळवा लावला.

"सर, ओलं आहे. ऊन चढू दे. दुपारी करेल ती."

"दुपारी नेट प्रॅक्टिसवाली मुलं येतात रे. हळू घेतील त्या. काय होतंय?"

"सर, त्या दिवशी पण ओलंच होतं..."

"त्या दिवशी तू घाई केलीस, दत्ताराम." सरांचा आवाज अगदी मऊ होता. "मी कमिटीत तसं कधी बोललो नाही. पण केलीस."

सलोनीने नवऱ्याकडे बघितलं. त्या दिवशी सरांचा फोन आला तेव्हा ती खोलीतच होती. मॅच आहे, आत्ताच्या आत्ता उतार करून टाक, असा तो फोन होता. अर्धा चहा तसाच ठेवून दत्ताराम उठला होता.

दत्तारामने सरांकडे बघितलं. मग पॅव्हेलियनच्या मागे, त्यांच्या खोलीच्या खिडकीकडे. तिथे दांडीवर पोरांचे युनिफॉर्म वाळत होते.

"हो सर," तो म्हणाला. "घाई मीच केली."

सलोनीने चावी फिरवली. तिने मफ पुन्हा कानांवर चढवले. तो मशीनजवळ आला आणि तिला दिसेल असा हात वर-खाली केला, मग आडवा हलवून नको म्हणून दाखवलं. उतार सरळ चढायचा, सरळ उतरायचा. मध्ये वळायचं नाही. तिने मान हलवली.

ती चढली आणि उतरली. पुन्हा चढली. कापलेल्या ओल्या गवताचा वास सुटला. दत्ताराम उताराच्या वर, कठड्यापाशी उभा होता. शेवटच्या पट्ट्याला उतरताना मागचं चाक सरकलं. मशीन तिरपं झालं. सलोनीच्या तोंडून निघालेली किंकाळी इंजिनाच्या आवाजातूनही त्याला ऐकू आली.

त्याने कुबड्या सोडल्या. एका पायावर उड्या मारत, पडत, घसरत तो उताराच्या तळाशी पोचला, उठून उभा राहिला आणि येणाऱ्या मशीनसमोर त्याने दोन्ही हात पसरले.

चाकाने पुन्हा जमीन धरली. मशीन सरळ झालं आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबलं. सलोनीने पातं बंद केलं, इंजिन बंद केलं, चावी काढली.

"खाली का आलात?" ती म्हणाली. "मशीन अंगावर आलं असतं तर तुम्ही काय थांबवणार होता?"

त्याचे हात अजून पसरलेलेच होते.

"ब्राव्हो!" सर मोबाइल हातात घेऊन कडेला आले. "मुंबईत कुठल्या जिमखान्यात बाई आहे मशीनवर? ग्रुपवर टाकतो. सलोनी, इकडे बघा. जरा हसा."

सलोनीने तिकडे बघितलं.

"दत्ताराम, तू जरा बाजूला हो रे. फोटोत येतोयस."

कुबड्या वर, कठड्यापाशी पडल्या होत्या. दत्तारामने धरायला काहीतरी शोधलं. हाताशी मशीनशिवाय काहीच नव्हतं. मग तो तिथेच ओल्या गवतात खाली बसला.