वर्तुळातली होडी

"आदरणीय नौकाचालक, आपण आतषबाजीच्या वर्तुळात आहात. कृपया बाहेर जा," पाण्यावर तरंगणारा बोलका बोया पुन्हा विनवत होता. वर्तुळात एकही माणूस असेपर्यंत मधल्या तराफ्यावरचा आतषबाजीचा एकही बाण पेटत नसे. नियमच होता, आणि यंत्राला वशिला कळत नव्हता.

नागूबाई वैती होडीत पाय पसरून बसली होती. खाली तिचं जाळं लागलेलं होतं. गेल्या वर्षी वरून पडलेल्या जळत्या तुकड्यांनी पाण्यावर तरंगणारे दोर जळून अख्खं जाळं वाहून गेलं होतं. यंत्र माणसं मोजतं, जाळी मोजत नाही.

"काकी, पाहुणे खोळंबलेत!" लाँचवरून उत्सव समितीचा पराग ओरडला. "जाळं काढा नि निघा!"

"पानी फिरून ओहोटी लागल्याबिगर जाळं निघत नाय. तुमच्या पाहुण्यांना सांग, पान्याला हुकूम सोडा."

"मग उचलून नेऊ!"

"ने की. वजन झेपंल काय तुला?"

लाँच जवळ आली, तशी कोळीवाड्याकडून एक होडी वर्तुळात शिरली. मागून दुसरी, तिसरी. प्रत्येकीत एकेक बाई, निवांत बसलेली. बोया बिचारा प्रत्येकीला पहिल्यापासून विनवू लागला.

पराग कपाळाला हात लावून उभा राहिला.

"ये, बस होडीत," नागूबाई सरकत म्हणाली. "पानी फिरलं का दोर ओढायला हात लागतील."