जाळीखालचं अंगण

पद्माबाईनं अर्धी भाकरी तशीच ठेवून ताट सुनेकडे सरकवलं. सकाळीही तिनं हेच केलं होतं.

"आत्या, काहून जेवून नाही राहिल्या? काही दुखून राहिलं का?" संध्यानं विचारलं.

"काय दुखायचं मला. ताट ने."

दुखत काही नव्हतंच. हिंगोलीच्या डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त तपासलं, वय झालं म्हणाले आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या पद्माबाई निमूट गिळायची. अन्नावरची वासना मात्र उडाली ती उडालीच. महिन्याभरात बाईचं पार चिपाड झालं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडून असायची. शेजारची निर्मलाबाई बघून गेली आणि दारात हळूच म्हणाली, "लेकीबाळीला बलावून घे बाई." संध्याची स्वतःची आई लहानपणीच गेली होती. आईची माया तिला मिळाली ती या घरात, या तोंडाळ बाईकडून.

एरवी घरात सगळं बरं चाललं होतं. कोंबड्या संध्याच्या. गोरेगावच्या बाजारात एखादी विकली की तिच्या हातात चार पैसे खेळायचे. पण गेल्या हिवाळ्यात घारीनं उच्छाद मांडला. कोंबडीनं पिल्लं काढायची आणि घारीनं न्यायची, असं दोघींचं ठरल्यासारखंच होतं. पिल्लांना गुलाबी रंग लावून झाला. मेलेला कावळा काठीला टांगून झाला. घार कशाला भीक घालते?

मग राखणीला बसली पद्माबाई. मोतीबिंदूनं तिला आभाळातली घार दिसायची नाही. म्हणून ती वर बघायचीच नाही. सारवलेल्या अंगणावर डोळे लावून बसायची आणि सावली सरकली रे सरकली की काठीनं तेलाचा रिकामा डबा बडवायची. त्याबरोबर घारीच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. तो आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा आणि जीपमधली माणसं तोंड दाबून हसायची. एवढं करूनही मधूनच एखादं पिल्लू जायचंच. त्या दिवशी पद्माबाईच्या तोंडाला खळ नसायचा.

त्यातली एक जीप भीमराजची, म्हणजे तिच्याच लेकाची. आईनं असं उन्हात बसून ओरडावं हे त्याला बघवेना. पॅसेंजर हसतात, ही लाज वेगळीच. त्यानं येलदरी धरणावरून मासे धरायची जुनी जाळी आणली आणि सगळ्या अंगणावर ताणून बांधली. "माय, लई तकलीफ काढली. आता आराम कर," असं म्हणून डबा उचलून माळ्यावर टाकला. संध्यालाही हायसं वाटलं. घार दोन-चार दिवस घिरट्या घालून निघून गेली. तेव्हापासून एकही पिल्लू गेलं नव्हतं, सगळी कशी गुबगुबीत झाली होती.

संध्या ताट घेऊन उठणार तोच वर उंच घार ओरडली. भिंतीकडे वळलेली पद्माबाई एकदम ताठ झाली. तिचा हात बाजेखाली काठीकडे गेला. मग तिला काय आठवलं कुणास ठाऊक, हात तसाच रिकामा वर आला आणि तिनं तो पांघरुणात ओढून घेतला. संध्यानं मान वर करून माळ्यावरच्या डब्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी भीमराज जीप घेऊन गेला आणि थोड्याच वेळात संध्या घरात आली.

"आत्या, जाळी फाटली. वांदरं नाचून गेली वाटतं."

"भीमराज आला की शिवंल."

"तवरक पिल्लाईकडं कोण बघन? मला शेतात जायचंय." तिनं माळ्यावरचा डबा काढून बाजेपाशी ठेवला आणि मागं न बघता निघून गेली.

दुपारी ती घराकडे वळली तर रस्त्यावरूनच आवाज कानी आला. "तुझा मुडदा बशिवला भवाने! माझ्याच दारात यायलीस व्हय?" पद्माबाई काठी टेकून अंगणाच्या मधोमध उभी होती. अंगणात एक पिल्लू कमी होतं. सगळ्यात गुबगुबीत तेच होतं. संध्या दिसताच तिनं मोर्चा सुनेकडे वळवला. जाळीकडे लक्ष नाही, पिल्लांकडे नाही, या घरात एकटीनंच मरायचं का, वगैरे. बोलता बोलताच ती चुलीपाशी बसली आणि ठेच्याबरोबर दीड भाकरी खाल्ली. पाणी पिऊन पुन्हा बाहेर गेली.

संध्याकाळी भीमराजनं वांदरांना शिव्या घालत सुतळीनं जाळी शिवली, अगदी घट्ट.

सकाळी तो गेल्यावर संध्यानं विळा काढला. या वेळी तिनं भोक जरा मोठं पाडलं.