वळसा

"आज तरी वळसा घालून जा," बाबा म्हणाले.

आई दारात उभी राहून पर्समध्ये कात्री शोधत होती. शिवणवर्गाला तिला उशीर झाला, की तिच्या विद्यार्थिनी दोरे गुंतवून ठेवत आणि वर मशीनला नावं ठेवत.

"वळसे घालायला डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय, मला नाही."

"सकाळी गर्दी असते त्या पुलावर."

"मग होडी घेऊन द्या मला. हौसेनं वल्हवीत जाईन."

मुलगी खुदकन हसली. बाबा हसले नाहीत. ते खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत राहिले.

कालव्यावरच्या त्या पादचारी पुलावरून सगळी वस्ती ये-जा करायची. बाबा तेवढे गेलं वर्षभर लांबच्या मोठ्या पुलावरून ऑफिसला जात. तेवढंच चालणं होतं, म्हणत. या माणसाला सरळ रस्ता मानवतच नाही, असं आई शेजारणींना सांगायची.

"दूध बघ गं, उतू जाईल," जाता जाता आई म्हणाली.

दूध उतू गेलं नाही. पूल मात्र गेला. मधल्या फळ्या एकदम निखळल्या आणि माणसं खाली कालव्यात पडली. आई त्यांत होती.

त्यानंतर वस्ती पेटून उठली. नगरपालिकेच्या हिशेबात पूल आदल्याच वर्षी दुरुस्त झाला होता. ठेकेदाराला पैसेही पोचले होते. प्रत्यक्षात एक खिळा बदललेला कोणी पाहिला नव्हता. लोकांनी कचेरीसमोर ठाण मांडलं, तेव्हा कुठे जाहीर सभा ठरली. ज्याला वाटेल त्यानं माइकसमोर यायचं, आपली गल्ली सांगायची आणि एकच प्रश्न विचारायचा. उत्तर तिथल्या तिथे, उभं राहून द्यायचं.

सभा ठरली आणि घरातला फोन वाजू लागला.

पहिला फोन मुलीनं घेतला. आवाज मोठा गोड होता. "वहिनी गेल्या, फार वाईट झालं. बाबांना सांग, सभेत मोजकंच बोला म्हणावं. घरात तरणी मुलगी आहे, तिची काळजी नको का?"

तिच्या हातातला फोन बाबांनी जवळजवळ हिसकावून घेतला. "हो," ते म्हणाले. मग बराच वेळ ऐकत राहिले. "हो. माझ्या लक्षात आहे."

त्या दिवसापासून भरदिवसा पडदे ओढलेले राहिले. समोरच्या दुकानापाशी एक मोटरसायकल उभी असायची. तिच्यावरचे दोघं काही करत नसत, नुसते बसून असत. मुलगी कपडे वाळत घालायला गच्चीवर जाईनाशी झाली. बाबांना जेवण जात नव्हतं. चष्मा पुसायचे, डोळ्यांवर चढवायचे, पुन्हा काढून पुसायचे.

सभेच्या आदल्या संध्याकाळी कोपऱ्यावरचे औषधवाले काका आले. सभेची मागणी त्यांनीच लावून धरली होती. ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

"उद्या तुम्ही तोंड उघडलंत तर सगळं बाहेर येईल," काका म्हणाले. "तुमच्या घरातलं माणूस गेलंय हो."

"माझ्या घरात अजून एक माणूस आहे," बाबा म्हणाले.

काका मुलीकडे बघत राहिले. मग चहाला हातही न लावता उठले.

तिला बाबांना काही विचारायचं होतं. आई गेल्यापासून तो प्रश्न ती मनात घेऊन फिरत होती. पण बाबा गार झालेल्या चहाचा कप हातात धरून बसले होते. तिनं तो काढून घेतला आणि विसळायला गेली.

सकाळी तिनं त्यांच्या शर्टाला इस्त्री केली. दोघं बरोबरच निघाले, लांबच्या पुलावरून. मोटरसायकल मागून सावकाश येत होती. बाबांनी तिचा हात धरला होता. ती लहान असताना रस्ता ओलांडताना धरत, तसा घट्ट.

"तू मागे बस," सभागृहाच्या दारात ते म्हणाले. "काही झालं तरी उठू नकोस. माझी शपथ आहे तुला."

ते पुढे गेले. गर्दीत त्यांची पाठ दिसेनाशी झाली.

सभागृह गच्च भरलं होतं. मोटरसायकलवाले दोघं दाराला टेकून उभे होते. पहिले औषधवाले काका माइकसमोर आले. त्यांनी आपली गल्ली सांगितली. "काम झालं नव्हतं, तर पैसे दिले कसे?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यासपीठावरच्या अध्यक्षांनी पाण्याचा घोट घेतला. "मुख्य लेखाधिकारी उत्तर देतील."

मुलीनं मान वर केली नाही. लाउडस्पीकरमधून येणारा आवाज तेवढा तिनं ऐकला. कोरडा, वाचून दाखवणारा. काम पूर्ण झाल्याचा दाखला आला होता. त्यावर विश्वास ठेवून रक्कम दिली. पूल धोक्याचा आहे याची लेखा विभागात कोणालाही, अगदी कोणालाही, कल्पना नव्हती.

लोक ओरडू लागले. ती उठली. दाराशी टेकलेल्यांपैकी एकानं तिला बोटानंच खाली बसायची खूण केली. ती खुर्च्यांच्या पाठी धरत धरत माइकपर्यंत पोचली. काका बाजूला झाले. सभागृह हळूहळू शांत झालं.

तिनं आपली गल्ली सांगितली.

"माझा प्रश्न मुख्य लेखाधिकाऱ्यांना आहे," ती म्हणाली, आणि तिनं व्यासपीठाकडे पाहिलं. "बाबा, मग वर्षभर तुम्ही त्या पुलावरून का जात नव्हता?"