काचेवरचा नंबर

"आपण तिथून विकत घेतो, म्हणून ते इथून चोरतात. तुझ्यावर कधी वेळ आली, तर रुळांकडच्या गॅरेजात जाऊ नकोस, मकेनाच्या आई," असं सिस्टर जेरोपनी बजावलं होतं. हॉस्पिटलच्या आवारातून त्यांच्या गाडीचा उजवा दिवा कोणीतरी उपटून नेला होता. त्या भोकाकडे बघतच त्या बोलत होत्या. कागेंडो लेकीचं नाक पुसत होती. तिने हो हो म्हटलं, आणि वरच्या मजल्यावरच्या या बाईंना जरा प्रवचनाची हौसच आहे, असं मनात म्हणून जिना चढली.

पुढच्याच आठवड्यात क्लिनिकहून परतताना एक मताटू ओव्हरटेक करता करता तिच्या गाडीला घासून गेली. उजवं मडगार्ड आत गेलं, दिव्याचा चुरा झाला. मताटूच्या दारात लटकलेला कंडक्टर म्हणाला, "बाई, रस्ता काय माहेरून आणलाय?" आणि ती माणसांनी ठासून भरलेली व्हॅन निघूनही गेली. मागच्या सीटवर मकेना किंचाळत होती. तिला खरचटलंही नव्हतं, तरी कागेंडोने रस्त्याच्या कडेला तिचे सगळे कपडे काढून पुन्हा पुन्हा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीच्या मोठ्या वर्कशॉपात गोड बोलणारी मुलगी होती. आधी पोलिसांचा कागद, मग पाहणी, मग निदान तीन आठवडे, असं तिने सांगितलं. धुक्यात मकेनाची छाती शीळ घालते. तीन आठवडे तिला मताटूत कोंबून क्लिनिकला न्यायचं? कागेंडोने गाडी वळवली. तिला कोणी ढकललं नव्हतं. रुळांकडे जायचा रस्ताही कोणाला विचारावा लागला नाही.

निलगिरीच्या झाडांखाली उघड्यावरच पत्रा ठोकणं चालू होतं. गिऱ्हाइकं आपापल्या गाडीसमोर स्टूल टाकून पहारा देत होती. इथे गाडी एकटी सोडली, तर सगळी परत मिळेल याची खात्री नाही. बरासा नावाच्या मिस्त्रीने मडगार्डवर बोटं फिरवली. मोठ्या वर्कशॉपात गाडीलासुद्धा वेटिंग रूम असते, मॅडम, आमच्याकडे फक्त ऊन, असं म्हणून तो हसला. संध्याकाळपर्यंत देतो म्हणाला. दिवा गल्लीतून आणतो म्हणाला. कुठल्या गल्लीतून, ते तिने विचारलं नाही.

दिवा गोणपाटात गुंडाळून आला. बरासाने तो पँटला पुसून उजेडात धरला. काचेच्या कोपऱ्यात गाडीचा नंबर कोरलेला होता. गाडी घेतली की सगळेच काचांवर, आरशांवर, दिव्यांवर असा नंबर कोरून घेतात, चोराला तो माल विकता येऊ नये म्हणून. हा नंबर कागेंडो रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. तिची आणि सिस्टरांची गाडी एकाच जातीची, फक्त रंग वेगळा.

तिचा चेहरा उतरलेला बघून बरासाला वाटलं, बाई पोलिसांना घाबरली.

"घासून काढतो ना. त्या जागी तुमचा नंबर कोरतो. मग पोलीस काय, देव आला तरी दिवा तुमचाच."

हा माझ्या शेजारणीचा आहे, पुन्हा गुंडाळून द्या, एवढंच म्हणायचं होतं. पण मग तो कुठे मिळाला, तेही सांगावं लागलं असतं. सिस्टर काही बोलल्या नसत्या. तेच तर नको होतं. आणि आज घरी कशी जाणार, उद्या क्लिनिकला काय नेणार? मांडीवर मकेना खोकली.

"घासा," कागेंडो म्हणाली.

पांढरी भुकटी उडायला लागली. ती मकेनाच्या छातीत जाऊ नये म्हणून कागेंडोने तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं. नवा नंबर कोरून झाल्यावर बरासाने विचारलं, सरळ आलाय ना. तिला वाकून बघावं लागलं.

दिवेलागणीला ती घरी पोचली, तेव्हा सिस्टर जेरोप युनिफॉर्मवर स्वेटर चढवून ड्युटीला निघाल्या होत्या. गाडी बघून थांबल्या. मडगार्डवरून हात फिरवला, दिव्यासमोर वाकल्या.

"छान केलंय गं. कुठे टाकली होतीस? माझंही काम अडलंय. त्या रुळांकडे तर जायचं नाही."

कागेंडोने मोठ्या वर्कशॉपचं नाव सांगितलं.

"महाग असतील. पण योग्य केलंस," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी मकेनाच्या छातीला कान लावला, रात्री वाफ दे म्हणाल्या, आणि आपल्या जुन्या निळ्या गाडीत बसल्या. फाटकाबाहेर पडताच धुक्याने गाडी गिळली. एक दिवा काही वेळ दिसत राहिला.

हॉस्पिटलकडे जाणाऱ्या लिमुरूच्या उतारावर सध्या संध्याकाळपासूनच असं धुकं असतं. एकच दिवा दिसला की समोरच्याला मोटरसायकल वाटते, आणि तो बिनधास्त रस्त्याच्या मधे येतो. कागेंडोने फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. विचारायला तिला तोंड नाही, म्हणून ती तुम्हाला विनवते आहे: त्या बाजूला जाणार असाल, तर हॉस्पिटलच्या आवारात जरा डोकावा. निळी गाडी उभी आहे का, सिस्टर सुखरूप पोचल्या का, एवढं बघा.