गोळीचा चहा

सोमाजींचे गुडघे दुखत होते. धानाच्या रोवणीआधी वजन कमी करा, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून त्यांच्या मुलीने, कामिनीने, चहात साखरेऐवजी टाकायच्या गोड गोळ्यांची डबी आणली. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. डबी आईच्या हातात देताना तिने हेही सांगितलं, की या गोळ्यांनी पोटातले जिवाणू बदलू शकतात, कदाचित वजन उलट वाढूही शकतं. नक्की अजून कोणालाच माहीत नाही. मग दर रविवारी ती बाबांना राइस मिलमधल्या धानाच्या काट्यावर उभं करायची आणि आकडा वहीत लिहायची.

"गोळीचा चहा तं एकदम साखरेवानीच लागते बापा!" सोमाजी खूश होते.

सहा आठवड्यांत त्यांचं वजन दोन किलोंनी वाढलं.

"गोळ्या बंद, बाबा. तुमच्या पोटातले जिवाणू बिघडले असतील."

"त्यायच्या पोटात गोळी गेलीच नाही," चहा गाळता गाळता कुंताबाई म्हणाल्या. "त्यायले साखरेचाच देऊन राहिली मी. गोळीचा मी पितो."

"काहून पण, आई?"

"तूच म्हणली ना, पोटात काय होते ते कोणालेच मालूम नाही म्हणून? जंगलातल्या सात्यायच्या छत्र्या आणल्या का, एखादी विषारी तं नाही ना, म्हणून पहिले मीच खाऊन पाहतो. मंगच तुह्या बाबाले वाढतो."

कामिनीने वही उघडली. सहा रविवारांच्या नोंदींत आईचं वजन कुठेच नव्हतं.